शून्य मोजायचं कसं?

१९९७च्या मे महिन्यात ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला आणि एड्सच्या डॉक्टरांच्या तोंडी एक आकडा बसला: तीन वर्षं. निबंधामागची प्रमुख नावं दोन होती. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतले गणितज्ञ अ‍ॅलन पेरेल्सन आणि न्यूयॉर्कच्या आरोन डायमंड एड्स संशोधन केंद्राचे डेव्हिड हो. आठ रुग्णांना औषधं एकत्र सुरू केल्यावर रक्तातला एचआयव्ही कोणत्या वेगानं घटतो, हे त्यांनी मोजलं आणि त्या उतरणीला समीकरणं लावली. उत्तर असं आलं की विषाणूची वाढ औषधांनी पूर्ण थोपवून धरली, तर २.३ ते ३.१ वर्षांत संसर्ग झालेली शेवटची पेशीही मरेल. मग गोळ्या बंद आणि माणूस बरा.

हा आशावाद हवेतला नव्हता. १९८७ पासून हाताशी असलेल्या एझेडटी या औषधाला विषाणू काही महिन्यांत दाद देईनासा व्हायचा. जुलै १९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या जागतिक एड्स परिषदेत तीन औषधं एकदम देण्याचे निकाल जाहीर झाले आणि चित्र पालटलं. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली, वजनं वाढली, कित्येक जण कामावर परतले. रक्तातला विषाणू यंत्राला दिसेनासा झाला. त्या वर्षी ‘टाइम’नं हो यांना ‘मॅन ऑफ द इयर’ ठरवलं.

गणितही बरोबर होतं. औषधं सुरू झाल्यावर विषाणू दोन टप्प्यांत घटतो. ज्या पेशी जोमानं विषाणू बनवत असतात त्यांचं आयुष्य जेमतेम दोन दिवसांचं, त्यामुळे पहिली घसरण कड्यावरून कोसळावी तशी. मागे उरतात त्या जरा चिवट पेशी. त्यांची संख्या निम्मी व्हायला एक ते चार आठवडे लागतात. दोन्ही उतार जमिनीपर्यंत वाढवत नेले की तीन वर्षांचा आकडा मिळतो. मात्र लेखकांनी निबंधातच एक इशारा देऊन ठेवला होता: आम्हाला न दिसलेला एखादा कोपरा शरीरात असेल, तर हा हिशेब बदलेल. मथळ्यांच्या गर्दीत ते वाक्य फारसं कुणी वाचलं नाही. कोपरा सहा महिन्यांत सापडला. तोही एकदम तीन प्रयोगशाळांना.

तो कोपरा समजण्यासाठी विषाणूचा धंदा थोडा जवळून पाहायला हवा. एचआयव्हीची जनुकीय संहिता जेमतेम ९,७०० अक्षरांची आणि जनुकं नऊ. फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो, आपल्या प्रती काढतो आणि विषय संपतो. एचआयव्ही तसं करत नाही. तो आपल्या आरएनएचं डीएनएत रूपांतर करतो आणि तो डीएनए थेट माणसाच्या गुणसूत्रात चिकटवून टाकतो. एकदा चिकटला की तो त्या पेशीचाच भाग. पेशी दुभंगली तर दोन्ही पिल्लांत तो जातो. पेशी मरेपर्यंत तो मरत नाही.

एचआयव्हीची आवडती पेशी म्हणजे सीडी४. ही आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेतली पांढरी पेशी. शत्रू दिसला की ती जागी होते, वाढते, इतरांना कामाला लावते. लढाई संपली की बहुतेक सीडी४ मरून जातात. थोड्या मागे राहतात, शांत होतात आणि वर्षानुवर्षं शरीरात फिरत राहतात. या स्मृतिपेशी. लहानपणी गोवर झाला की तो आयुष्यात पुन्हा होत नाही, त्याला ज्या यंत्रणेची आठवण कारणीभूत असते तिच्यातल्याच या.

आता असं समजा, की जागी झालेली एक सीडी४ पेशी विश्रांतीकडे वळते आहे आणि नेमक्या त्याच वेळी विषाणू तिच्यात शिरला. त्याचा डीएनए गुणसूत्रात बसला. पण पेशी शांत झाल्यामुळे, विषाणूची जनुकं चालू करायला जी प्रथिनं लागतात तीच तिच्या केंद्रकात उरली नाहीत. विषाणूचं काम जागच्या जागी थांबतं. तो एकही प्रथिन बनवत नाही, त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर त्याची कुठलीच खूण उमटत नाही. प्रतिकार यंत्रणेला ताकास तूर लागत नाही. औषधांनाही ती पेशी दिसत नाही, कारण आपली सगळी औषधं विषाणूच्या चालू कामात खोडा घालणारी आहेत. काम बंद असेल तर खोडा घालणार कशात? आणि पुढे कधी, पाच वर्षांनी म्हणा किंवा पंधरा, ती पेशी आपल्या जुन्या शत्रूच्या भेटीनं जागी झाली, की विषाणूही तिच्याबरोबर उठतो.

मला या सगळ्यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते, की विषाणूनं इथे काही मोठी चलाखी केलेली नाही. टिकून राहणं हे स्मृतिपेशीचं कामच आहे. ती टिकली नाही तर लशींना अर्थ उरणार नाही. विषाणू फक्त तिच्या आत आहे.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉबर्ट सिलिसियानो यांच्या प्रयोगशाळेनं अशा पेशी १९९५ मध्येच दाखवल्या होत्या. प्रश्न होता, तीन औषधं चालू असतानाही त्या टिकतात का? नोव्हेंबर १९९७ मध्ये सिलिसियानो यांचा गट, सॅन दिएगोचा डग्लस रिचमन यांचा गट आणि बेथेस्डातला अँथनी फाउची यांचा गट, तिघांनीही एकच उत्तर छापलं. टिकतात. रक्तात विषाणू दिसत नसलेल्या माणसांच्या शांत सीडी४ पेशी काढून, बशीत घालून जाग्या केल्या, की त्यांतून धडधाकट, संसर्ग करू शकणारा एचआयव्ही बाहेर पडतो.

ही मोजणी करतात कशी, ते पाहण्यासारखं आहे, कारण पुढचे सगळे वाद तिच्यापाशी येऊन थांबतात. रुग्णाचं रक्त लागतं ते नेहमीच्या तपासणीसारखं पाच मिलिलिटर नव्हे, १८० ते २०० मिलिलिटर. त्यातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या. त्यांतून सीडी४ निवडायच्या. त्यांतूनही ज्या थोड्या जाग्या आहेत त्या बाजूला काढून फक्त पूर्ण शांत पेशी ठेवायच्या. मग त्या छोट्या खळग्यांच्या ताटलीत वाटायच्या: एका खळग्यात दहा लाख, पुढच्यात त्याच्या एक पंचमांश म्हणजे दोन लाख, मग चाळीस हजार, असं उतरत जायचं. पेशींना जागं करणारं रसायन घालायचं आणि विषाणू निघालाच तर त्याला वाढायला भक्ष्य हवं म्हणून निरोगी माणसाच्या सीडी४ सोबत सोडायच्या. दोन-तीन आठवडे थांबायचं. शेवटी कोणत्या खळग्यात विषाणूचं प्रथिन सापडतं ते पाहायचं आणि त्यावरून मूळ संख्या काढायची. खर्चीक, वेळखाऊ आणि किचकट काम. उत्तर यायचं दहा लाख शांत पेशींमागे साधारण एक.

तांदळाचा एक दाणा साधारण वीस मिलिग्रॅमचा धरला, तर दहा लाख दाण्यांचं पोतं वीस किलोचं होतं. त्या पोत्यात एक दाणा वाईट, आणि तो दिसायला बाकीच्यांसारखाच.

पण एवढ्या थोड्या असतील तर हळूहळू संपतील की? सिलिसियानो यांच्या गटानं तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासली. २००३ मध्ये त्यांनी छापलेल्या आकड्यानुसार हा साठा निम्मा व्हायला ४४ महिने लागतात. आता साधा हिशेब करून पाहा. अख्ख्या शरीरात अशा पेशी दहा लाख धरल्या, तर त्या निम्म्या, पुन्हा निम्म्या, असं करत एकीवर यायला साधारण वीस वेळा निम्मं करावं लागतं. वीस गुणिले ४४ म्हणजे ८८० महिने. ७३ वर्षं. तीन वर्षांचा हिशेब असा ७३ वर्षांवर गेला. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, हे डॉक्टर आज रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगतात, त्यामागे हा गुणाकार आहे.

आणि तोही कमीच होता. २०१३ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या या-ची हो यांनी उलटा प्रश्न विचारला: ज्या खळग्यांतून विषाणू बाहेर पडला नाही, त्यांतल्या पेशींत काय आहे? त्यांनी तिथले २१३ सुप्त विषाणू एकेक करून वाचून काढले. ८८ टक्के मोडके निघाले; कुणाचा मोठा तुकडा गायब, कुणाची अक्षरं बिघडलेली. त्यांच्यापासून भीती नव्हती. पण जवळपास १२ टक्के पूर्ण शाबूत होते. पेशी जागी होऊनही ते त्या वेळी उठले नव्हते, इतकंच. दुसऱ्यांदा चेतवल्यावर त्यांच्यासारखेच काही उठतातही. म्हणजे खरा साठा आधीच्या मोजणीच्या साठ पटींपर्यंत मोठा असू शकतो. कोण कधी उठेल हे बरंचसं नशिबावर. पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली: या पेशी नुसत्या टिकत नाहीत, वाढतातही. विषाणू पेशीवाढीशी संबंधित जनुकात जाऊन बसला असेल, तर ती पेशी आपल्या प्रती काढत राहते आणि प्रत्येक प्रतीत तो असतो. नवा संसर्ग एकही नाही, तरी साठा भरत राहतो.

मग कुणी कधी बरं झालंच नाही का? झालं. टिमोथी रे ब्राउन हा मूळचा सिअ‍ॅटलचा, बर्लिनमध्ये राहणारा अमेरिकन. १९९५ मध्ये त्याला एचआयव्हीचं निदान झालं आणि २००६ मध्ये रक्ताचा कर्करोग. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात त्याच्यावर उपचार करणारे गेरो ह्युटर रक्तविकारतज्ज्ञ होते, एचआयव्हीतले नव्हेत. त्यांना एवढं आठवत होतं, की पेशीत शिरताना एचआयव्हीला सीसीआर५ नावाचं एक प्रथिन दारासारखं लागतं आणि उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे एक टक्का लोकांत ते जन्मतःच नसतं. त्याच्या जनुकातली ३२ अक्षरं दोन्ही पालकांकडून गळालेली असतात. ब्राउनला अस्थिमज्जा बदलायची होतीच. मग दाता असाच का शोधू नये? जुळणाऱ्या दात्यांची एकेक तपासणी सुरू झाली. ६१वा तसा निघाला.

फेब्रुवारी २००७ मध्ये प्रत्यारोपण झालं आणि त्याच दिवशी एचआयव्हीच्या गोळ्या बंद झाल्या. कर्करोग उलटला, म्हणून २००८ मध्ये त्याच दात्याकडून दुसरं प्रत्यारोपण. त्यात ब्राउन मरता मरता वाचला. त्याला पुन्हा चालायला शिकावं लागलं. विषाणू मात्र परतला नाही. २००८ मध्ये बोस्टनच्या परिषदेत ह्युटर यांनी ही केस मांडली ती कुठल्या व्यासपीठावर नव्हे, भिंतीवरच्या एका पोस्टरवर. फार कुणी थांबून वाचली नाही. सविस्तर लेख २००९ मध्ये आला. ‘बर्लिन पेशंट’ला नाव आणि चेहरा २०१० मध्ये मिळाला, तोही त्यानं स्वतः दिला म्हणून.

आणि तरीही, ‘तो बरा झाला’ हे म्हणायला शास्त्रज्ञ कचरत होते. २०१२-१३ मध्ये ब्राउनचं रक्त आणि आतड्याचे नमुने अनेक नामांकित प्रयोगशाळांना वाटून दिले गेले. बहुतेकांना काहीच सापडलं नाही. एक-दोघांना विषाणूच्या जनुकांचे अस्पष्ट अंश मिळाले, चाचणीच्या क्षमतेच्या अगदी काठावरचे. ते ब्राउनचे होते की प्रयोगशाळेतल्या धुळीतून आलेले? कुणालाही छातीठोक सांगता येईना. चाचणी जितकी बारीक करत जावी, तितकी ती खोटं बोलण्याची शक्यता वाढते. त्याच्या बाजूनं एकच भक्कम पुरावा होता: वर्षं उलटत होती आणि गोळ्यांशिवाय विषाणू आलेला नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये ब्राउन गेला तो परत उफाळलेल्या कर्करोगानं. वय ५४. एचआयव्ही शेवटपर्यंत परतला नाही.

काठावरच्या शून्यावर विसंबलं तर काय होतं, ते बोस्टनमध्ये दिसलं. तिथल्या दोन एचआयव्हीग्रस्त पुरुषांचं लिम्फोमा या कर्करोगासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं होतं. त्यांचे दाते साधेच होते, सीसीआर५ असलेले. फक्त प्रत्यारोपणाच्या काळातही गोळ्या चालू ठेवल्या होत्या. पुढे टिमोथी हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी कोट्यवधी पेशी चाळल्या. विषाणूचा मागमूस नाही. २०१३ मध्ये दोघांच्या संमतीनं गोळ्या थांबवल्या. जुलैत क्वालालंपूरच्या परिषदेत बातमी आली, पंधरा आणि सात आठवडे झाले, विषाणू नाही. जगभर मथळे झाले. डिसेंबरात दुसरी बातमी आली. एकाचा विषाणू १२ आठवड्यांनी परतला होता, दुसऱ्याचा ३२ आठवड्यांनी.

त्याआधीच, त्याच वर्षी मार्चमध्ये, मिसिसिपीतल्या एका बाळाची गोष्ट गाजली होती. आई एचआयव्हीग्रस्त, गरोदरपणी उपचार नाहीत. जन्मानंतर तीस तासांत बाळाला तीन औषधं सुरू केली. अठराव्या महिन्याच्या सुमारास मायलेक दवाखान्यात यायचे थांबले. परत आले तेव्हा बाळ २३ महिन्यांचं, औषधं केव्हाच बंद पडलेली आणि रक्तात विषाणू नाही! ठरवून कुणी असा प्रयोग केला नसता. औषधाविना २७ महिने बरे गेले. जुलै २०१४ मध्ये नेहमीच्या तपासणीत विषाणू पुन्हा दिसला. कोणत्या पेशीत तो एवढा काळ होता, कुणास ठाऊक.

मग साठा किती लवकर पेरला जातो? त्याच वर्षी हार्वर्डच्या डॅन बारूच यांच्या गटानं माकडांवर तपासलं. माकडांतल्या एचआयव्हीचा भाऊबंद असलेला विषाणू देऊन तिसऱ्याच दिवशी औषधं सुरू केली, रक्तात विषाणू दिसायच्याही आधी. सहा महिन्यांनी औषधं थांबवली. विषाणू आला. रक्तात पोचण्याआधीच लसीकाग्रंथींत आणि आतड्यात साठा पेरून झालेला असतो. माणसाला तर संसर्ग झाल्याचं तिसऱ्या दिवशी कळतही नाही.

२०१४ मध्येच अ‍ॅलिसन हिल या तरुण गणितज्ञेनं आणि सहकाऱ्यांनी पेरेल्सन यांच्या वाटेनं जाऊन नवा हिशेब मांडला. गोळ्या सोडून बहुतेकांना एक वर्ष निर्धास्त जगता यावं, तर साठा सुमारे दोन हजार पटींनी घटवावा लागेल. जन्मभरासाठी दहा हजार पटींहून अधिक. निम्मा केला, दहावा हिस्सा ठेवला, तरी फरक पडतो तो थोड्या आठवड्यांचा.

या फूटपट्टीवर आजवरचे उपाय तपासले की बहुतेकांची उंची फार तोकडी भरते. विषाणूला जागं करून त्याच्यासकट पेशी मारायची, हा मार्ग सर्वांत गाजला. उत्तर कॅरोलिनात डेव्हिड मार्गोलिस यांनी व्होरिनोस्टॅट हे त्वचेच्या एका कर्करोगावरचं औषध आठ रुग्णांना देऊन २०१२ मध्ये दाखवलं, की सुप्त विषाणूची जनुकं खरंच चाळवतात. पण जागी झालेली पेशी मरेना आणि साठाही घटेना. ब्रिटनमध्ये साठ जणांवर याच औषधाला लशींची जोड देऊन पाहिली, फरक शून्य. उलट मार्गही आहे, विषाणूला इतकं गाढ झोपवायचं की तो उठूच नये. त्यावर अजून मुख्यतः प्रयोगशाळेत काम चाललं आहे. क्रिस्परच्या कात्रीनं विषाणूचा डीएनए कापून काढण्याचा प्रयोग माणसांवर २०२२ मध्ये सुरू झाला. उपचार सुरक्षित निघाला, पण गोळ्या थांबवलेल्या तिघांतही विषाणू परतला. एकाच्या बाबतीत १६ आठवड्यांनी, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. कात्री चांगली आहे. घोडं अडतं ते शरीरभर विखुरलेल्या प्रत्येक पेशीत ती पोचवण्यात.

प्रत्यारोपणानं बरं झालेल्यांची यादी हळूहळू वाढली आहे: लंडन, ड्युसेलडॉर्फ, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, जिनिव्हा. तरी बोटांवर मोजावी एवढीच. प्रत्यारोपणात जीव जाण्याचा धोका इतका, की कर्करोग नसलेल्या माणसावर ते करणं गुन्हाच ठरेल. त्यातल्या जिनिव्हाच्या रुग्णाकडे मात्र नीट पाहावं. त्याचा दाता बोस्टनसारखाच साधा होता, सीसीआर५ असलेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये गोळ्या थांबवल्या आणि विषाणू आला नाही. म्हणजे दार काढून टाकणं हेच रहस्य नसावं. दात्याच्या नव्या पेशींनी जुन्या पेशींचा वेचून नाश केला, त्यात सुप्त विषाणूच्या पेशीही गेल्या, असा तज्ज्ञांचा कयास आहे. बोस्टनमध्ये जे जवळजवळ झालं, ते इथे पूर्ण झालं असावं.

काहींच्या बाबतीत तर डॉक्टरांनी काहीच केलेलं नाही. एचआयव्हीग्रस्तांत अगदी थोडे जण असे असतात, की त्यांचं शरीर गोळ्यांशिवाय विषाणू दाबून ठेवतं. २०२० मध्ये बोस्टनच्या शू यू यांच्या गटानं अशा ६४ जणांचे सुप्त विषाणू गुणसूत्रावर नेमके कुठे बसलेत ते शोधलं. बरेचसे जनुकांच्या वस्तीपासून दूर निघाले, गुणसूत्राच्या ज्या ओसाड भागात काहीच चालू होत नाही तिथे. वस्तीतले विषाणू प्रतिकार यंत्रणेनं वर्षानुवर्षं टिपले असावेत आणि वनवासातले तेवढे उरले. अर्जेंटिनातल्या एस्पेरांसा गावच्या एका स्त्रीत तर तेही उरले नसावेत. तिच्या रक्तातल्या सुमारे १२० कोटी पेशी तपासल्या, बाळंतपणातल्या वारेतल्या पन्नास कोटी तपासल्या. शाबूत विषाणू एकही नाही. तरी संशोधकांनी लिहिलं, की न सापडणं हा नसण्याचा पुरावा मानता येत नाही. ही निव्वळ नम्रता नव्हे, बोस्टनची आठवण त्यामागे असणार.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, याच प्रश्नाचं साधं रूप भेटतं. केंद्र सरकारनं १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधं सुरू केली. पहिल्या काही केंद्रांत मुंबईचं जेजे रुग्णालय होतं. आता बहुतेकांना टीएलडी, म्हणजे तीन औषधांची रोज एक गोळी. व्हायरल लोडचा रिपोर्ट येतो, त्यावर छापलेलं असतं ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. आणि समोरचा माणूस विचारतो, “मॅडम, व्हायरस नाही म्हणतायत ना? मग गोळ्या बंद करू?” समुपदेशक सांगते, “नाही दादा, तो झोपलाय, गेला नाही.” यात तिचा दोष नाही आणि त्याचाही नाही. चाचणीला मिलिलिटरमागे वीस-पन्नासच्या खाली काही दिसत नाही आणि ती रक्तात तरंगणारा विषाणू मोजते. पेशींच्या आतला तिच्या हिशेबातच नाही. याच फटीत हमखास इलाजवाले भोंदू शिरतात: गोळ्यांनी स्वच्छ झालेला रिपोर्ट दाखवून श्रेय काढ्याला घ्यायचं आणि मग गोळ्या बंद करायला लावायच्या. दोन-तीन आठवड्यांत विषाणू परततो. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

त्या ‘नॉट डिटेक्टेड’ची किंमत मात्र कमी लेखू नये. रक्तात विषाणू न दिसणाऱ्या माणसाकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही. ही गोष्ट सिद्ध करणाऱ्या मोठ्या अभ्यासांपैकी एचपीटीएन ०५२ या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, म्हणजे भोसरीच्या ‘नारी’त येणारी जोडपीही होती. आयुर्मानही आता इतरांच्या जवळ पोचलं आहे. मग बरं करण्याचा एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. जन्मभर रोज गोळी घेणं म्हणजे जन्मभर ती कुठेतरी लपवून ठेवणं, हे जिच्या घरी सासरच्यांना माहीत नाही त्या बाईला विचारावं.

खरी अडचण पुढे आहे. एखादा नवा उपाय साठा संपवतो की नाही, हे ठरवायला आजही एकच खात्रीची चाचणी आहे: गोळ्या थांबवायच्या आणि वाट पाहायची. आणि गोळ्या थांबवणं निर्धोक नाही. २००६ मध्ये स्मार्ट नावाच्या अभ्यासात ५,४७२ रुग्णांपैकी निम्म्यांची औषधं सीडी४ चांगल्या असताना मुद्दाम थांबवून पाहिली होती. थांबवलेल्यांत गंभीर आजार किंवा मृत्यू अडीच पटींहून जास्त झाले आणि अभ्यास मध्येच बंद करावा लागला. आता असे प्रयोग होतात ते दर आठवड्याला, पंधरवड्याला रक्त तपासून, विषाणू डोकावला की लगेच गोळ्या सुरू करून. त्या काळात जोडीदाराला संरक्षण कसं द्यायचं, हाही प्रयोगाचाच भाग. चांगल्या तब्येतीचा माणूस स्वतःच्या फायद्याची काहीच हमी नसताना यात उतरतो, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत धाडसाचं काम वाटतं.

असे प्रयोग बरीच वर्षं अमेरिका-युरोपातच झाले, आणि तिथला विषाणू बहुतांशी बी उपप्रकाराचा. भारतातला आणि दक्षिण आफ्रिकेतला सी उपप्रकाराचा. जगातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत तोच आहे. शाबूत विषाणू झटपट मोजणारी जी नवी डीएनए चाचणी २०१९ मध्ये आली, तीही बी उपप्रकाराच्या अक्षरांवर बेतलेली होती. ती सी उपप्रकारावर जशीच्या तशी चालत नाही, तिची नवी आवृत्ती बनवावी लागली. हा तोल थोडा सावरला तो दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये. तिथे फ्रेश नावाच्या उपक्रमात तरुण मुलींची आठवड्यातून दोनदा तपासणी होते, त्यामुळे संसर्ग अगदी सुरुवातीला पकडता येतो आणि गोळ्या लगेच सुरू होतात. त्यांच्यातल्या वीस जणींना विषाणूला बांधून ठेवणारी दोन ताकदवान प्रतिपिंडं आणि प्रतिकार यंत्रणेला चाळवणारं एक औषध देऊन गोळ्या थांबवल्या गेल्या. २०२५च्या मार्चमध्ये निकाल जाहीर झाले. बहुतेकींना गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. सहा जणी प्रयोग संपेपर्यंत गोळ्यांशिवाय राहिल्या आणि त्यांतल्या चौघी त्यानंतरही. त्यांच्या शरीरात सुप्त विषाणू उरला आहे की नाही, ते ठरलेलं नाही. तपासण्या चालू आहेत.